खांबेट्यांची वजाबाकी

विनायकराव खांबेट्यांचा बरोबर उत्तरावर विश्वास नाही. चुकलेलं उत्तर त्यांना चालतं, किंबहुना आवडतं, कारण चुकणारा माणूस निदान स्वतःच्या डोक्याने चुकलेला असतो. उत्तर बरोबर आलं की मात्र ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "हे आलं कुठून?" बँकेच्या अंतर्गत तपासणी विभागात उभा जन्म काढला की माणसाचं असं होत असावं. लोक निवृत्त होताना शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. खांबेटे संशय घेऊन आले.

ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. कोलकात्यात, बेहाल्यातल्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच, एक त्यांचं आणि एक आमचं. माझे यजमान खिदिरपूरच्या गोदीत बदलून आले आणि आम्ही इथेच रुजलो. खांबेटे बँकेच्या बदलीवर आले आणि मुलगा ओंकार इथल्याच एका कंपनीत चिकटला म्हणून राहिले. दोन मराठी घरं एका जिन्यावर असली की कुणाच्या फोडणीत हिंग पडलं आणि कुणाच्या घरात वाद पडला, हे सांगावं लागत नाही. त्यामुळे मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी पहिल्यांदा घराची तपासणी केली. दूध मोजून झालं, रद्दी तोलून झाली, इमारतीची पाण्याची टाकी खरोखर धुतली जाते का हे बघायला ते शिडीवर चढले आणि वृंदावहिनींनी खालून देवाचा धावा केला. मग इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांना पाढ्यांच्या स्पर्धेचे परीक्षक नेमलं. एका मुलाने एकोणतीसचा पाढा एका दमात म्हटला. खांबेट्यांनी त्याला तो उलटा म्हणायला लावला, तो रडला, आणि त्याच्या नावापुढे त्यांनी शेरा मारला, "पाठांतर". पाढे पाठ केलेले असतात, हा गुन्हा साऱ्या महाराष्ट्रात इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आला नव्हता.

तेव्हा 'अंकदीप' नावाच्या संस्थेने त्यांना कोलकात्याचे मानद मूल्यांकनकर्ते केलं, याचा सर्वांत जास्त आनंद वृंदावहिनींना झाला. दुपारी दोन तास घरात शांतता मिळेल म्हणून त्यांनी देवापुढे पेढे ठेवले. संस्था पुण्याची. गरीब वस्त्यांतल्या प्राथमिक शाळांमध्ये मुलांना बेरीज-वजाबाकी कितपत येते हे तपासायचं आणि जिथे शिक्षक कमी तिथे एक शिक्षिका संस्थेच्या पगारावर द्यायची, असं तिचं काम. हेतूत खोट काढायला जागा नाही. खोट पद्धतीत होती, आणि ती पद्धत खांबेट्यांना पाहताक्षणी आवडली.

ती अशी. मुलाला कागदावर वजाबाक्या द्यायच्या. उत्तर बरोबर आलं तर एक गुण, पण 'प्रक्रिया' दिसली तर दोन गुण. प्रक्रिया म्हणजे काय, तर बावन्नातून सत्तावीस वजा करताना दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या पाचाकडून एक दशक उसनं घ्यायचं, पाचावर तिरकी काट मारून वर चार लिहायचे, दोनावर काट मारून बारा लिहायचे. या काटा कागदावर दिसल्या पाहिजेत. कागदाचा फोटो फोनवरून पाठवला की पुण्यातलं यंत्र काटा शोधतं आणि तिथल्या तिथे हिरवी किंवा लाल खूण देतं. उत्तर बरोबर आणि काटा नाहीत, म्हणजे मूल उत्तर कुठूनतरी घेऊन आलेलं आहे. अर्ध्याहून जास्त वर्ग लाल झाला की शाळा 'विश्वासार्ह नाही'. आणि सर्वांत सुंदर नियम शेवटी होता. मूल्यांकनकर्त्याने सूचना एकदाच वाचायची आणि नंतर मुलांशी बोलायचं नाही. म्हणजे मुलाला काय येतं हे जाणून घ्यायचं, फक्त मुलाला विचारायचं नाही.

सूचना बंगालीतून वाचायला कुणीतरी हवं होतं. खांबेट्यांचं बंगाली इतक्या वर्षांत "कोतो?" या शब्दापलीकडे गेलेलं नाही, आणि तोही ते मासळीवाल्याला रागावून विचारतात. म्हणून मला जुंपलं. "मंगलाताई, तुम्हाला तसंही दुपारी काय काम असतं," असं ते म्हणाले, आणि मी तसंही गेले.

ऑगस्टमधल्या घामाच्या दिवसांत आम्ही खिदिरपूरच्या शाळेत पोचलो. गोदीमागच्या गल्लीत, खाली एका क्लबचं कॅरमचं टेबल आणि वर दोन खोल्या, अशी ती शाळा. चौथीच्या वर्गाला संस्थेने दिलेली शिक्षिका होती, सुतपा. पंचविशीतली, बजबजहून लोकलने यायची, सुती साडीच्या पदराने फळा पुसायची. खांबेट्यांनी तिला नियमाप्रमाणे बाहेर काढलं. ती जिन्यावर जाऊन उभी राहिली.

मी सूचना वाचली. मुलांनी माना खाली घातल्या. पुढच्या बाकावर झुमुर नावाची एक पोरगी होती, दोन घट्ट वेण्यांची आणि पुढचा एक दात पडलेली. तिने कागद उचलला आणि लिहायला लागली. लिहिता लिहिता तिने डाव्या हाताचं एक बोट मुडपलं. मग सोडलं. पुढच्या गणिताला पुन्हा मुडपलं. खांबेट्यांचा चष्मा वर गेला. त्यांनी वर्गावर नजर फिरवली आणि त्यांना जे दिसलं त्याने त्यांना, मला वाटतं, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच खरा आनंद झाला. मागच्या बाकावरही बोटं मुडपली जात होती. खिडकीपाशीही, भिंतीपाशीही. सगळा वर्ग एक बोट मुडपत होता आणि सोडत होता.

कागद गोळा झाले. जवळजवळ सगळ्यांच्या वजाबाक्या बरोबर आणि एकाही कागदावर एकही काट नाही. "खुणा," खांबेटे मला जिन्यात म्हणाले. पुढची मुलगी बोटाने उत्तर सांगते आणि मागचे उतरवतात. एका बोटाने पंचवीस कसं सांगतात हे मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले की टोळीची सांकेतिक भाषा बाहेरच्याला कळली तर ती सांकेतिक कसली. माझ्या बुद्धीला हे पटलं नाही, पण मलाही दुसरं काही सुचलं नाही. मी बंगाली शिकले ते बाजारात आणि बसमध्ये, शाळेत नाही.

त्यांनी शेरा लिहिला, "शिक्षिकेने पढवलेल्या हस्तसंकेतांद्वारे सामूहिक नक्कल." पुण्याच्या यंत्राने सगळे कागद लाल केले. यंत्राला आणि खांबेट्यांना एकाच वेळी एकच गोष्ट कळली नाही, आणि दोघांनी त्याला एकमेकांचा दुजोरा मानला.

आठवड्याभरात सुतपाला कळवण्यात आलं की दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर तिने येऊ नये. नोकरी तर जाणारच होती, पण नावापुढे नकलेचा शेरा पडला की दुसरी कुठली संस्था तिला उभी करणार नव्हती. घरात आजारी वडील आणि तिच्याच पगारावर शिकणारी बहीण. हे मला तिने सांगितलं नाही, शाळेच्या मोठ्या बाईंनी फोनवर सांगितलं. ती स्वतः बेहाल्याला आली तेव्हा फक्त एवढंच म्हणाली की तिची मुलं चोर नाहीत.

मी तिला वर खांबेट्यांकडे नेलं. वहिनींनी चहा ठेवला. सुतपा खुर्चीच्या कडेवर बसली आणि तिने हिंदीतून विचारलं की नेमकं काय चुकलं. खांबेट्यांनी सांगितलं की तपासणीचा तपशील ज्याची तपासणी झाली त्याला द्यायचा नसतो. तिने विनवलं की एकदा वर्गात येऊन मुलांना तोंडाने विचारा. ते म्हणाले, मुलांशी बोलणं नियमात बसत नाही. ती गेल्यावर वहिनींनी कपबशा अशा आपटल्या की एका बशीचा टवका उडाला. मी तर स्पष्टच म्हणाले की हे चोर सोडून संन्याशाला फाशी देणं झालं. "तोच तर वांधा आहे, मंगलाताई," खांबेटे शांतपणे म्हणाले, "चोर नेहमी संन्याशासारखाच दिसतो." मला त्यांचा इतका राग आला की मी आठ दिवस जिन्यात त्यांना बघून न बघितल्यासारखं केलं.

नवव्या दिवशी वहिनींचा डबा परत द्यायला वर गेले तर खोलीत कोर्ट भरलेलं. आरोपीच्या जागी त्यांची नात शर्वरी. ही चौथीत आहे, इंग्रजी शाळेत जाते आणि संध्याकाळी पलीकडच्या गल्लीत एका दीदीमोनींकडे शिकवणीला जाते. तिचं मराठी म्हणजे आजी-आजोबांवर उपकार म्हणून बोललेलं. खांबेट्यांनी तिच्या गृहपाठाची वही उघडली होती आणि त्यांना तीच जुनी बाधा झाली होती. वजाबाक्या सगळ्या बरोबर, काट एकही नाही. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी आपल्या एकुलत्या एक नातीला विचारलं, "हे आलं कुठून?"

शर्वरी म्हणाली, केलं. कुणाचं बघून, त्यांनी विचारलं. तिचे ओठ थरथरायला लागले.

"मी कुणाचा नाही बघितली, आजोबा. माझ्या हातात एक होता ना."

"काय होतं हातात? दाखव. उघड हात."

तिने हात उघडला. खांबेट्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. चिठ्ठी शोधत होते ते. आपला तो बाब्या असं तरी त्यांनी केलं नाही, एवढं श्रेय मी त्यांना देते. नातीचीही झडती त्यांनी परक्याच्या पोरीइतक्याच निर्मळ मनाने घेतली. पोरगी हुंदके द्यायला लागली आणि तिने दुसऱ्या हाताने एक बोट मुडपून दाखवलं. "हा एक. हातात ठेवला. मग खाली दिला."

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. हाताला कणीक होती. त्यांनी आधी नातीला जवळ घेतलं, मग वही ओढली आणि तशाच उभ्या उभ्या म्हणाल्या, "दोनातून सात जात नाहीत. बारातून सात गेले, पाच. हातचा एक. तो खालच्या दोनात मिळवला, तीन. पाचातून तीन गेले, दोन. पंचवीस. वरच्या आकड्याला हात लावायची गरजच काय?"

"ही कुठली पद्धत?" खांबेटे म्हणाले.

"इथली. आणि माझ्या आजीचीही. ती मिरजेत अशीच करायची, बोट मुडपून. तिला कुणी चोर म्हटलं नाही."

मग त्यांनी हेही सांगितलं की त्या स्वतः चाळीस वर्षं घरचा हिशेब असाच करताहेत. चाळीस वर्षं त्यांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाने उत्तरं पाहिली होती, बोट पाहिलं नव्हतं. वरच्याला दहा दिले तर खालच्यालाही दहा द्यायचे, फरक तोच राहतो. त्याची आठवण म्हणून एक बोट मुडपून ठेवायचं. एवढीच ती टोळीची सांकेतिक भाषा.

खांबेट्यांनी शर्वरीच्या मुडपलेल्या बोटाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना तिथे एक बोट दिसत नाहीये, खिदिरपूरचा अख्खा वर्ग दिसतो आहे. मी आठ दिवस जो राग जपला होता तो मला नीट धरता येईना. कीव आली. ते उठले, नातीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात तिने झटकला.

माणूस हट्टी असला तरी अप्रामाणिक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी पुण्याला सौरभला फोन लावला. सौरभ हा संस्थेतला या कार्यक्रमाचा प्रमुख, वय तिशीच्या आत, एकदाही आवाज न चढवता बोलणारा. खांबेट्यांनी पडद्यापुढे बसून त्याला बोट मुडपून वजाबाकी करून दाखवली. सौरभने ती फार आदराने पाहिली. मग तो म्हणाला की हे सांस्कृतिकदृष्ट्या अतिशय समृद्ध आहे, पण चौकट या वर्षापुरती गोठवलेली आहे. यंत्राला काटा शिकवलेल्या आहेत, बोटं नाहीत. पाठवलेला निकाल मागे घ्यायची सोय नाही. फार तर त्याच मूल्यांकनकर्त्याकडून एकदा फेरतपासणी होईल, आणि तोवर शिक्षिकेने मुलांना प्रमाण पद्धत शिकवून घ्यावी, म्हणजे सगळ्यांचंच भलं.

"अहो, पण उत्तरं बरोबर आहेत," खांबेटे म्हणाले.

सौरभने त्यांना समजावलं की उत्तर बरोबर येणं हा निकष नाही. हे वाक्य जन्मभर खांबेटेच लोकांना ऐकवत आले होते. दुसऱ्याच्या तोंडून ते कसं लागतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

त्याच दुपारी ते मला घेऊन शाळेत गेले. सुतपाला त्यांनी आपल्या दगडासारख्या हिंदीत सांगितलं की चूक त्यांची होती, तिची नाही आणि मुलांचीही नाही. तिने ऐकून घेतलं. माफीचं काय करायचं हे तिला कळलं नसावं, कारण तिने लगेच विचारलं की मग लाल निघेल का. त्यांनी फेरतपासणीचं सांगितलं. काय हवं आहे त्यांना, तिने विचारलं. खांबेट्यांनी फळ्यावर बावन्न उणे सत्तावीस मांडलं आणि पाचावर काट मारली. सुतपा ते बघत राहिली. "एवढंच?" ती म्हणाली.

पण तेवढंच नव्हतं. पूजेला पंधरवडा उरला होता. शाळेसमोर मांडवाचे बांबू उभे राहत होते आणि वर चौथीचा वर्ग काटा मारायला शिकत होता. ज्या मुलांना वजाबाकी येत होती त्यांना ती यावी म्हणून शिकवणं सुरू झालं. मी एकदा डोकावले. मुलं मन लावून काटा मारत होती. ज्या आकड्याला गरज नाही त्यालाही मारत होती, वर चार लिहीत होती आणि सवयीने बोटही मुडपत होती, मग खालीही एक देत होती, म्हणजे दशक दोनदा कापलं जात होतं. बावन्नातून सत्तावीस गेले की पंधरा उरू लागले. कागद मात्र असे नटले होते की पुण्याच्या यंत्राने ओवाळणी घातली असती. सुतपा कपाळाला हात लावून बसली होती. ती मला म्हणाली की दीदी, नोकरी राहील, पण माझी मुलं बिघडतील.

फेरतपासणीच्या दिवशी खाली पूजेचे ढोलवाले, ढाकी, येऊन सराव करत होते. सुतपा न सांगताच जिन्यावर जाऊन उभी राहिली. मी नवे प्रश्न वाटले, सूचना एकदा वाचली. कुणीच लिहायला सुरुवात केली नाही. एवढी मुलं पेन्सिल धरून आमच्याकडे बघत होती. मग झुमुर उभी राहिली. मी तिचं बोलणं मराठीत करून खांबेट्यांना सांगितलं. ती विचारत होती, "आजोबा, बरोबर येतं ते लिहू, की काटा मारायचं ते?"

नियमाप्रमाणे खांबेट्यांनी गप्प राहायला हवं होतं. मी त्यांना नियम मोडताना कधी पाहिलेलं नाही. ते रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबतात. ते टेबलापासून दोन पावलं पुढे आले आणि मला म्हणाले, "सांगा, जसं येतं तसं कर म्हणावं. सगळ्यांनाच सांगा."

मी सांगितलं. माना खाली गेल्या. बोटं मुडपली जाऊ लागली, सुटू लागली. खांबेटे त्या बोटांकडे हात पाठीमागे बांधून बघत उभे होते, आणि बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी खिडकीबाहेर पाहिलं. मग खिचडीची घंटा झाली, कागद टेबलावर पडले आणि मुलं ताटल्या वाजवत खाली पळाली.

सगळ्या वजाबाक्या बरोबर होत्या. काट एकही नव्हती. म्हणजे सुतपाची नोकरी त्या क्षणी गेलेली होती, फक्त फोटो पाठवायचे बाकी होते.

खांबेटे मुलांच्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागले. बाकावर राहिलेली एक पेन्सिल उचलून त्यांनी तिचं टोक पाहिलं आणि म्हणाले, "मंगलाताई, दार लोटून घ्या."

मी दार लोटलं. त्यांनी पहिला कागद ओढला, वरच्या आकड्यावर तिरकी काट मारली आणि वर बारीक अक्षरात एक कमी आकडा लिहिला. मग दुसरा. मग तिसऱ्याला पेन्सिल बदलली. काही काटा दाबून मारल्या, काही फिकट, एक मुद्दाम वाकडी. इतक्या वर्षांत लोकांनी केलेल्या खाडाखोडी ओळखून ओळखून त्यांना खाडाखोड किती उत्तम येत होती हे कुणाला माहीत नव्हतं, बहुधा त्यांनाही नाही. मी फोटो काढून पाठवत गेले. एकामागून एक हिरवी खूण येत गेली.

दार ढकलून सुतपा आत आली. तिने कागद पाहिले, पेन्सिल पाहिली. तिला रडू येतंय की हसू, हे मला कळेना. ती म्हणाली, "सर, हे तर नक्कल करण्याहून वाईट."

"ऑडिटमध्ये याला पूर्तता म्हणतात," खांबेटे मान वर न करता म्हणाले.

ती दाराला पाठ लावून उभी राहिली. अर्धा वर्ग ओलांडला तेव्हा फोनवर शाळेचं नाव हिरवं झालं आणि खाली आलं, 'विश्वासार्ह. प्रक्रिया स्पष्ट.' मी ते तिला दाखवलं. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि पदर तोंडाशी धरला. मी खांबेट्यांना म्हणाले की झालं, आता पुरे. पण अर्धं काम सोडणं त्यांच्या रक्तात नाही. उरलेले कागदही ते करत गेले. शेवटचा झुमुरचा होता. त्रेसष्टातून अठ्ठावीस, उत्तर पस्तीस, आकडे टपोरे. त्यावर पेन्सिल धरून ते जरा थांबले आणि मग त्यांनी सहावर काट मारली.

सुतपाच्या पाठीमागे दार हललं. झुमुर आत आली. तिची ताटली बाकाखाली राहिली होती. ताटली घेऊन ती वळली आणि तिने आपला कागद ओळखला. ती जवळ आली, वाकून पाहिलं आणि सरळ म्हणाली की मी हे खोडलं नव्हतं.

मी भाषांतर करायच्या आधीच खांबेट्यांना ते कळलं. "नाही," ते म्हणाले, "मी खोडलं."

चुकलं होतं का, तिने विचारलं.

"नाही. बरोबर होतं."

"मग कशाला खोडलं?"

सुतपाने माझ्याकडे पाहिलं आणि मी खांबेट्यांकडे. तिला काहीतरी गोड सांगून वाटेला लावावं म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. चष्मा कपाळावरून खाली घेतला, काढला, तसाच हातात धरला.

"तिला खरं ते सांगा," ते म्हणाले. "म्हणावं, आम्हाला खोडल्याशिवाय वाचता येत नाही."

मी बंगालीतून तसंच्या तसं सांगितलं. झुमुरने ऐकलं आणि समजूतदारपणे मान हलवली. आमच्या वर्गातपण अशी दोन मुलं आहेत, ती म्हणाली. सुतपादी त्यांना सुट्टीत वेगळं बसवून शिकवते.